चेराच्या झाडाची टीप

मन्निक्करा,
१२ जून २०२३

चिन्नू मोळे, माझ्या पोरी,

हे पत्र वाचनालयातला पैली लिहितोय. म्हणजे बोलतेय मी आणि घाम त्याला येतोय. दुपारी वाचनालय बंद असतं तेव्हा तो येतो, दोन ग्लास काळा चहा पितो आणि माझ्या वाक्यांना शेपट्या लावतो. कुठे शेपटी दिसली तर समज, ती माझी नाही. (शेपट्या नाहीत, पूर्णविराम आहेत. — पैली)

फोन का करत नाही म्हणशील. फोनवरचं बोलणं बोलून झालं की संपलं. पत्र पैलीकडून तीनदा वाचून घेता येतं, आणि तिसऱ्या वेळी मला तू न लिहिलेलंही ऐकू येतं.

तुझी आई मस्कतहून सांगत होती, ऑफिसात तुला नवीन काम दिलंय. लिहिलेलं पुसायचं म्हणे. अगं, मी जन्मात एक अक्षर शिकले नाही आणि माझी नात अक्षरं पुसायचा पगार घेते! मला विचारलं असतं तर मीच आले असते. माझी पाटी तर आधीपासूनच स्वच्छ आहे. साक्षरतावाले गावात पाट्या घेऊन आले तेव्हा आमची गाय विणार होती. मी म्हटलं, आधी ती, मग तुमचा अ. तरी कागदोपत्री मी पास आहे. माझ्या नावापुढे खूण कुणी केली ते पैलीला विचार. (गायीचं खरं आहे. बाकीचं आठवत नाही. — पैली)

आणखी एक. पलीकडची चाललीय. ओणम झाला की कार्त्यायनीचा मुलगा शशी तिला कोइमतूरला घेऊन जाणार आणि घराला कुलूप लावणार. बरंच झालं. अडतीस वर्षं भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकतेय, कान तरी सुटतील. हल्ली तो खोकला कोरडा झालाय. काढा करून घेत नसणार, पहिल्यापासूनची आळशी. माझ्या अंगणात अडुळसा एवढा माजलाय की गायसुद्धा तोंड फिरवते. पण मला काय करायचंय.

ओणमला येशील तेव्हा नेहमीचं ध्यानात ठेव. बस वळणावर थांबली की तिथून मागे घराकडे चालत यायचं. तिसऱ्या पायरीवर पाय द्यायचा नाही. भिंतीच्या खिंडारातून पलीकडे जायचं नाही आणि त्या घरी काही खायचं नाही.

तुझी अम्मम्मा,
पारुक्कुट्टी

*

तिरुवनंतपुरम,
२१ जून २०२३

लाडकी अम्मम्मा,

(पैलीचेट्टा, सावकाश वाचा. मागच्या वेळी तुम्ही माझी दोन पानं पाच मिनिटांत उरकलीत, अशी तक्रार आहे.)

मी पुसते हे खरं आहे, पण काय पुसते ते ऐक. घर बांधताना सुतार आधी लाकडाची चौकट उभी करतो ना, तशी आम्ही संगणकासाठी एक तयार चौकट करतो. तिचं नाव ‘तोणी’. लोक ती घेतात आणि तिच्यावर आपापलं काम उभं करतात. कुणी दवाखान्याचं, कुणी दूधसंस्थेचं, कुणी वाचनालयाचं. ती कशी वापरायची, हे सांगणारं मोठं पुस्तक असतं. चौकट दरवर्षी बदलते, तिची नवी आवृत्ती निघते, आणि प्रत्येक वेळी पुस्तकात कुणीतरी बारीक टीप टाकतं: ‘हे आवृत्ती दोनपासून असं आहे, त्याआधी तसं होतं.’ आता चालू आहे नववी. दुसरी कुणीच वापरत नाही. पण टिपा तशाच. वाचणारा बिचारा कामाचं एक वाक्य शोधतो आणि त्याला मेलेल्या आवृत्त्यांच्या चार टिपा ओलांडाव्या लागतात. त्या मी काढते. काढण्याआधी एकच विचारायचं: हे अजून कुणाला लागतं का?

आता राग मानू नकोस. तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद वाचून मी ऑफिसात एकटीच हसले. तिसरी पायरी उण्णिमामानं सिमेंटची करून घेतली, त्याला बारा वर्षं झाली. अख्ख्या घरात तीच एक पायरी धड आहे, आणि आपण सगळे तिच्यावरून उडी मारून बाकीच्या फुटक्या पायऱ्यांवर पाय देतो. बसथांबा मी शाळेत असतानाच आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला. तरी मी दर वेळी वळणावर उतरते आणि बॅग ओढत मागे चालत येते, कारण अम्मम्मानं सांगितलंय.

मग पलीकडच्या कार्तू अम्माकडे खायचं नाही, ही टीप कोणत्या आवृत्तीतली? ते खिंडार तुमच्या दोघींच्याच पायांनी पडलं, असं आई म्हणते. दिवसातून दहा वेळा जा-ये असायची म्हणे. मग काय झालं?

आणि अडुळसा एवढा माजलाय तर चार पानं भिंतीवर ठेवून दे. कोण बघतंय?

तुझी
चिन्नू

*

मन्निक्करा,
३ जुलै २०२३

चिन्नू मोळे,

पायरीवर उभी राहून पाहिली. पक्की आहे. एवढ्यासाठी फुशारून जाऊ नकोस.

विचारलंस म्हणून सांगते. कार्त्यायनी आणि मी एकाच महिन्यात या गावात लग्न होऊन आलो. मला भात मऊ शिजवता येत नव्हता, तिला शिजवता येत होता पण सासूची भीती वाटायची. म्हणून ती भात माझ्या चुलीवर शिजवायची आणि मी तिच्या सासूशी भांडायची. असं आमचं चौदा वर्षं चाललं.

मग तुझी आई नऊ वर्षांची असताना एकदा दुपारी पलीकडे गेली आणि कार्त्यायनीच्या हातची अडा खाऊन आली. फणसाचा आटवलेला गर भरून पानात उकडलेली. तिच्यासारखी कुणी करत नाही, हे मी वैऱ्याबद्दलही खरंच बोलेन. दुसऱ्या दिवशी सकाळी रमणीचा चेहरा फणसाएवढा. डोळे मिटलेले. पोर मला हाका मारतेय आणि मी समोर उभी असून तिला दिसत नाहीये.

मी भिंतीपाशी गेले. तिला मूल नव्हतं तोवर, शशी नंतर झाला. मी काय बोलले ते पैलीला लिहायला सांगणार नाही. सगळी गल्ली बाहेर आली होती.

तेव्हापासून ती टीप. माझ्या पोरीला तिच्या घरचं खाऊन बाधलं, एवढं तुला पुरे. (इथे अम्मा चुलीतली राख उकरत बसल्या. चहा निवला. — पैली)

पैली काय वाटेल ते लिहितो. चहा आधीच निवलेला होता.

शशी येऊन कपाटं बघून गेला. कुठलं न्यायचं, कुठलं नाही.

अम्मम्मा

*

तिरुवनंतपुरम,
१७ जुलै २०२३

लाडकी अम्मम्मा,

या वेळी उत्तराला उशीर झाला, कारण माझ्या हातून घोटाळा झालाय. पैलीचेट्टा, तुम्ही खुर्चीत बसून वाचा.

‘तोणी’च्या पुस्तकात संगणकातल्या कपाटाबद्दल, म्हणजे नोंदींच्या कप्प्याबद्दल, एक टीप होती: ‘आवृत्ती दोनपासून बदल. कपाट पुसलं की त्यातली पुस्तकंही पुसली जातात. त्याआधी पुस्तकं राहत असत.’ मी पाहिलं, आवृत्ती दोन. जुनी. टाकली काढून, एका दिवसात अशा साठ टिपा काढल्या त्यात हीपण. खाली काय उरलं? ‘कपाट पुसता येतं.’ बस.

वर डोंगरात एका गावच्या वाचनालयाचं काम एक मुलगा ‘तोणी’वर करत होता. नवं पुस्तक वाचून त्यानं एक जुनं कपाट पुसलं. चार हजार पुस्तकांची यादी गेली. (चार हजार! — पैली. माफ करा, वाचता वाचता लिहिलं.) दोन दिवसांनी मागच्या आठवड्याची एक प्रत सापडली आणि यादी परत आली. पण ते दोन दिवस मी जेवले नाही.

ऑफिसातल्या आमच्या वरिष्ठ बीनाचेचीनं मला ओरडायचं सोडून खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. म्हणाली, “टीप जुनी होती, पण तिच्या पोटातली गोष्ट जुनी नव्हती, बाई. कपाट पुसलं की पुस्तकं जातात, हे आजही तसंच आहे. ‘कधीपासून’ ते काढायचं. ‘काय’ ते ठेवायचं.” आता मी साठही टिपा पुन्हा उघडून बसलेय.

काल आईला फोन केला. तिला तुझ्या पत्रातलं सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, “अडेनं कुठली सूज? मी येताना कुठल्याशा झाडाखाली खेळत बसले होते, त्याचा चीक लागला. चौथ्या दिवशी तुझ्या अम्मम्मानंच मला तान्नीच्या झाडाभोवती फिरवलं आणि मग उतरलं.”

तूच फिरवलंस, अम्मम्मा. म्हणजे तुला माहीत होतं.

मी ओरडत नाहीये. मीपण खुर्ची ओढून शेजारी बसलेय असं समज.

चिन्नू

*

मन्निक्करा,
२ ऑगस्ट २०२३

चिन्नू,

तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही. लहानपणी अन्न राहायचं नाही, आता बोलणं राहत नाही.

होय. माहीत होतं. तुझ्या अप्पूप्पननं, माझ्या नवऱ्यानं, चौथ्या दिवशी तिच्या कोपरावरचा काळा डाग बघितला आणि म्हणाला, हा चेराच्या झाडाचा चीक आहे, पारू, अडा नव्हे. मी पोरीला उचलून तान्नीकडे नेलं. चेर सुजवतो आणि तान्नी उतरवते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण चार दिवसांपूर्वी मी अख्ख्या गल्लीसमोर बोलून बसले होते. परत जाऊन काय म्हणणार? की बाई, तुझ्या वांझपणावर बोलले ते झाडाला म्हणायचं होतं? म्हटलं, उद्या जाऊ. मग परवा. मग तिला शशी झाला, बारशाला बोलावणं आलं नाही, तेव्हा मलाच राग आला. तो राग मला फार उपयोगी पडला. अडतीस वर्षं पुरला.

म्हणजे तुझ्या भाषेत सांगायचं तर ती टीप चौथ्या दिवसापासूनच खोटी होती आणि मी ती रोज नव्यानं लिहीत होते. लिहिता न येणारी बाई!

(अम्मांनी मला सांगितलं की हे वाक्य मी लिहिलं तर वाचनालयाला आंबे मिळणार नाहीत. मी लिहिलं. — पैली)

अडुळशाची पानं ठेवली होती भिंतीवर. संध्याकाळी नव्हती. वाऱ्यानंही गेली असतील.

आता ऐक. मी सगळ्या टिपा काढल्या. पायरीची, बसची, पलीकडची. ओणमला ये आणि हवं तिथून ये, हवं तिथे जा, हवं ते खा. आधी तू जा तिच्याकडे. मला धीर होत नाही, पंचाहत्तर वर्षांची बाई भिंतीपाशी जाते आणि गायीला गवत टाकून परत येते. अडा खा, ती काय म्हणते ऐक, आणि मला सांग. तिनं तोंड फिरवलं तर मला सांगू नकोस. जाऊ दे तिला कोइमतूरला.

अम्मम्मा

*

तिरुवनंतपुरम,
७ सप्टेंबर २०२३

माझी अम्मम्मा,

आज आरशात माझाच चेहरा दिसला, म्हणून लिहायला बसले. ऑफिसात सगळ्यांना वाटतंय मला मधमाश्यांनी धरलं.

तुम्ही दोघी त्या दिवशी एवढ्या जोरात बोलत होतात की कोण काय म्हणालं ते तुमचं तुम्हाला कळलं नसेल. डोळे सुजून मिटलेले असल्यामुळे मला सगळं नीट ऐकू आलं. म्हणून पैलीचेट्टांसाठी लिहून ठेवते. वाचनालयात राहू दे.

ओणमच्या आदल्या दिवशी दुपारी मी खिंडारातून पलीकडे गेले. कार्तू अम्मानं अडा दिली, एक संपल्यावर न विचारता दुसरी दिली. फारसं बोलली नाही. एवढंच विचारलं, “ती अजून काळ्या चहात गूळ घालते का?” मी हो म्हटलं. परत येताना त्याच खिंडारात, तिथल्या झाडाच्या सावलीत, फांदीला धरून उभी राहिले आणि तुला काय सांगायचं ते जुळवत बसले. आई झाडाबद्दल बोलली होती, पण मला वाटलं, अडतीस वर्षांपूर्वीचं झाड, कधीच तोडलं असेल. चेराला कुऱ्हाड लावायची कुणाची छाती होत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तूपण तर लिहिलं होतंस, हवं तिथून ये.

ओणमच्या सकाळी मी उठले आणि तू किंचाळलीस. मग तुझ्या चपलांचा आवाज आला, आणि त्या खिंडाराकडे न जाता सरळ रस्त्यावरून तिच्या फाटकाकडे गेल्या. धावत, अम्मम्मा!

“कार्तू! अगं कार्तू! बघ गं पोरीचं काय झालं!”

“खिंडारातून आली होती का ती?”

“मग काय विमानानं येणार होती?”

“पारू, तू तिला झाडाचं सांगितलं नाहीस?”

“तू का नाही सांगितलंस? तुझ्या घरून परत गेली ना!”

“मला काय माहीत! मला वाटलं, पोर वाढवलीय, एवढं तरी सांगितलं असेल!”

“मी सांगत होते. अडतीस वर्षं सांगत होते, तिकडून जाऊ नको म्हणून! याच महिन्यात थांबवलं!”

“थांबवायला हाच महिना सापडला तुला?”

अडतीस वर्षांनंतरचं तुमचं पहिलं बोलणं हे. मी पायरीवर (तिसऱ्या) बसून ऐकत होते आणि हसायला गेले तर ओठ उघडेनात.

मग दोघींनी माझा एकेक हात धरला आणि तान्नीकडे नेलं. तू म्हणालीस सात फेऱ्या, ती म्हणाली तीन. पाच झाल्या. प्रत्येक फेरीला तिनं म्हणायचं, ‘चेरानं केलं ते तान्नीनं माफ करावं,’ आणि तू तिच्यामागून. चौथ्या फेरीला ती थांबली. तू एकटीच म्हणालीस. तेव्हा डोळे उघडता आले असते तर फार बरं झालं असतं.

(डॉक्टरांचं मलमही मी गुपचूप लावत होते. तान्नीला सांगू नका.)

काय झालं ते तुझ्या लक्षात आलं का? माझ्या कपाटासारखंच झालं. तू टीप काढलीस आणि तिच्या पोटातलं झाडही काढून टाकलंस. भांडण जुनं झालं होतं, झाड नव्हतं.

मी निघाले तेव्हा तुम्ही दोघी अंगणाच्या दोन टोकांना दोन खांबांसारख्या उभ्या होतात. म्हणून विचारते. शशीमामा पंधरा तारखेला येणार ना तिला न्यायला? तू तिला सांगितलंस का? तोंडानं?

तुझी सुजकी
चिन्नू

*

मन्निक्करा,
१५ सप्टेंबर २०२३

चिन्नू मोळे,

अक्षर वेगळं दिसेल. पैली रुसलाय. त्यानं तुझं पत्र मला तीनदा वाचून दाखवलं आणि चौथ्यांदा पलीकडे जाऊन दाखवलं, न विचारता. मी त्याला खूप बोलले. मग ती इकडे आली, रस्त्यावरून, हातात पेन घेऊन. म्हणाली, नातीला उत्तर कोण लिहिणार? मी म्हटलं, बस. पण मध्ये बोलायचं नाही.

(मी मध्ये बोलणार. — कार्त्यायनी)

तू विचारलंस तोंडानं सांगितलं का. समोरासमोर जमत नव्हतं. पत्रात सांगायला मला सोपं जातं, माझं तोंड नातीकडे असतं. म्हणून मी तिला म्हटलं, लिही.

लिही की रमणीला सूज आली ती झाडानं. अडेनं नाही. लिही की पारुक्कुट्टीला हे चौथ्या दिवशी कळलं होतं, आणि तिनं भिंतीपाशी जे शब्द काढले ते बाईनं बाईला बोलायचे नव्हते. मैत्रिणीनं तर नाहीच. लिही की ती चुकली.

(लिहिलं. पण चिन्नू, हे तुझ्या अम्मम्माला माहीत नाही: तान्नी माझ्या परसातून दिसते. ती रमणीला घेऊन फेऱ्या घालत होती तेव्हा मी चूल फुंकणं सोडून बघत होते. पाचव्या दिवशी मी भात मऊ शिजवला, दोघींना पुरेल एवढा, आणि ती येईल म्हणून वाट पाहिली. मग मलाही राग आला. तो मलाही पुरला. — कार्त्यायनी)

काय लिहितेयस एवढं? वाच बघू.

तिनं वाचलं. मग आम्ही दोघी चहा करायला उठलो. चहाला फार वेळ लागला.

हं. पुढे लिही. आता या घरात चालायचं ते असं. कार्त्यायनीकडे जावं, आणि दोन अडा खाल्ल्याशिवाय निघू नये. जायचं ते रस्त्यावरून. खिंडारात चेराचं झाड आहे, त्याच्या सावलीत कुणी थांबू नये. कधीपासून ते घालू नकोस. आमच्या नातीला ते आवडत नाही.

अडुळसा तिनंच नेला होता. वारा नव्हता.

शशी सकाळपासून आलाय. गाडी फाटकाशी आहे, कपाटं बांधून झाली, आणि तो तिसऱ्यांदा हॉर्न वाजवतोय. पोरगा चांगला आहे, फक्त घाई फार. मी त्याला ओट्यावरून सांगितलं की तुझी आई माझं पत्र लिहितेय आणि पत्र अर्धं टाकून कुणी उठत नाही. तो म्हणाला, किती राहिलंय? मी म्हटलं, बरंच. गायीचं सांगायचंय. पैलीच्या रुसव्याचं आहे. पायरीचं आहे. तुझ्या बारशाचं तर सुरूच केलेलं नाही.

चिन्नू, खरं सांगू, माझं सांगून झालंय. पण पूर्णविराम कुठे द्यायचा ते मला येत नाही. ते लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

(शशीला सांगितलंय की पेनातली शाई संपली. तो म्हणाला, दुकान उद्या उघडेल, उद्या आणतो. हे मी त्याच पेनानं लिहितेय. — कार्त्यायनी)